मंडई ते तांबट आळी: एका जॅकेटची वही

पुण्यात नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर माझं शिवणकाम चालतं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि खिडकीशी आत्याची कोळशाची इस्त्री. ती आता कापड बेतताना वजन म्हणून उपयोगी पडते. दर उन्हाळ्यात फॅशन डिझाइन शिकणाऱ्या दोन-तीन मुली माझ्याकडे काम शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी विचारते, "काय करावंसं वाटतंय?" लगेच मोबाइल पुढे येतो. त्यात साठवलेली शे-दीडशे चित्रं असतात आणि ती खरोखर सुंदर असतात. मग मी विचारते, ही कॉलर किती इंचांची आहे? हे कापड हाताला कसं लागेल? या रंगाला तुझी आजी काय म्हणाली असती? मुली गप्प होतात.

त्यांची चूक मला नवी नाही. कामाला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाईक बाईंसाठी मी निव्वळ फोटो बघून लांब कोट शिवला होता. फोटोतली मुलगी उंच होती, माझ्या गिऱ्हाईक बाई पाच फुटांच्या आत. काठ डोळ्यांनी अंदाजून लावला, तो त्यांच्या अंगावर इतका जड झाला की त्यांच्या चेहऱ्याआधी काठच दिसायचा. त्यांनी पैसे दिले, कोट नेला, आणि नंतर कधीही घातला नाही. ते मला अजून टोचतं. फोटोत माप नसतं आणि पोतही नसतो, हे मी त्या कोटावर शिकले.

म्हणून मुलींना मी आधी शहरात पाठवते. तीन फेऱ्या, एक वही, आणि त्या वहीतून शेवटी खणाचं एक बिनबाह्यांचं जॅकेट. सगळं मिळून महिनाभर लागतो. ज्यांना मशिनवर सरळ टीप मारता येते अशा कुणालाही हे घरी जमेल.

पिशवीत काय हवं

बिनरेघी वही, एका तळहातावर धरून उभ्याउभ्या लिहिता येईल एवढी. पेन्सिल, इंची टेप, सहा इंची पट्टी. पातळ कागदाचे पाच-सहा ताव. लग्नपत्रिकेच्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या दोन इंच बाय सहा इंच अशा पट्ट्या, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. मोबाइल असू दे, पण माझा नियम असा की आधी काढायचं, मग मोजायचं, मग नाव विचारून लिहायचं आणि सगळ्यात शेवटी फोटो. हा क्रम उलटला की मुली फोटो काढून पुढे निघून जातात आणि वही कोरी राहते.

पहिली फेरी: मंडईत फक्त रंग

महात्मा फुले मंडईत सकाळी साडेसातच्या सुमारास जा. आता मेट्रोही मंडईलाच उतरवते. १८८६ साली ही इमारत सुरू झाली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिच्या मधोमध अष्टकोनी मनोरा आहे. त्या मनोऱ्याचं चित्र काढायचा मोह होईल, पण या फेरीत डोळे खाली गाळ्यांवर ठेवा. संपूर्ण मंडई बघायची नाही. एकच गाळा निवडा आणि मावशींना विचारून बाजूला उभ्या राहा. त्यांच्या धंद्याची वेळ असते; गिऱ्हाइकाच्या आड येऊ नका आणि निघताना भाजी घ्या.

एक वस्तू उचला. समजा, भरली वांगी करतो ती छोटी काटेरी वांगी. लांबून ते जांभळं दिसतं. हातात घेतलं की त्यात चार रंग निघतात: अंगाचा जांभळा, त्यातून खाली ओघळलेल्या पांढरट हिरव्या रेघा, देठाच्या टोपीचा हिरवा, आणि टोपीच्या कडेखाली सावली पडते तिथला काळपट. आता डोळे बारीक करून बघा आणि ठरवा: एकूण दहा भाग धरले तर कुठला रंग किती? माझ्या वहीतल्या वांग्याला मी सहा भाग जांभळा, दोन भाग हिरवा, एक भाग पांढरट आणि एक भाग जवळजवळ काळा असं लिहिलं आहे. रंग कुठले हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कुठला किती हेही. कपडा बिघडतो तो बहुतेकदा या दुसऱ्या गोष्टीत. वांग्याचा हिरवा सुंदर दिसतो कारण तो दोनच भाग आहे. तोच निम्मा झाला तर डोळ्यांना खुपेल.

आता नावं. माझी आत्या पन्नासेक वर्षं ब्लाउज शिवत होती. गिऱ्हाइकांची नावं ती विसरायची, लुगड्यांची नाही. "ती आमसुली, पोपटी काठाची" असं म्हटलं की मला साडीही कळायची आणि बाईही. आपल्या भाषेत रंगांची नावं स्वयंपाकघरातून, परसातून, पाखरांवरून आली आहेत. आमसुली, श्रीखंडी, डाळिंबी, अंजिरी, कोनफळी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, पारवा, शेवाळी, विटकरी. ही नावं वहीत लिहा म्हणून मी मुलींच्या मागे लागते, त्यामागे कामाचं कारण आहे. "मरून" लिहिलेल्या मुलीला दोऱ्याच्या दुकानात चार रिळं समोर येतात आणि चारही बरोबर वाटतात. "आमसुली" लिहिलेल्या मुलीला आमसुलाचा तो सुकलेला, काळपट, आत थोडा ओला लाल आठवतो आणि ती डाळिंबी रीळ बाजूला सारते. आत्या असताना एकदा आमचं कोनफळी आणि वांगी यावरून तासभर चाललं होतं. शेवटी तिने मला खरंच कोनफळ आणून कापून दाखवलं. त्यातला गुलाबी मी तोवर पाहिलाच नव्हता.

घरात आजी, मावशी, शेजारच्या काकू असतील तर वही त्यांच्यासमोर धरा आणि या रंगाला तुम्ही काय म्हणता, ते विचारा. दोन बायका दोन नावं सांगतील. दोन्ही लिहून ठेवा.

मंडईतून तसंच चालत रविवार पेठेत या आणि दोऱ्याच्या दुकानात जा. रिळं दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवडू नका, दारात उजेडात आणून बघा. घरी आल्यावर पुठ्ठ्याच्या पट्टीच्या मागच्या बाजूला चिकट टेप लावा आणि दोरा एकाला एक लागून गुंडाळत जा, मध्ये फट न ठेवता. पाच इंचांची गुंडाळी करायची असेल तर एका भागाला अर्धा इंच: जांभळा तीन इंच, हिरवा एक, पांढरट अर्धा, काळपट अर्धा. ही दोऱ्याची पट्टी म्हणजे तुमच्या जॅकेटचा रंगांचा हिशेब. कागदावर रंगवलेल्या चौकोनापेक्षा ती कितीतरी खरी, कारण दोऱ्याला चमक असते, सावली असते, आणि कापडही शेवटी दोराच असतं. माझ्या भिंतीवर अशा दोनशेच्या वर पट्ट्या आहेत. कुणी विचारलं की तुम्हाला रंगसंगती सुचते कशी, तर मी त्या भिंतीकडे बोट दाखवते.

दुसरी फेरी: तांबट आळीत पोत

कसबा पेठेतली तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. पेशवाईपासून इथे तांब्याचं काम चालत आलं आहे. पूर्वी घरोघरी असलेले पाणी तापवायचे बंब, घंगाळं, हंडे इथे घडत. आता पेले, दिवे, हॉटेलांसाठीची ताटं-वाट्या, घरात मांडायच्या वस्तू असं कामही बरंच असतं. भांडं आकाराला आलं की त्यावर शेवटी जे छोटे छोटे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. भांडं लोखंडी आधारावर टेकवून, फिरवत फिरवत, एका हाताने तोललेल्या हातोडीने एकेक ठोका. त्याने तांबं घट्ट होतं, भांड्याला बळकटी येते आणि उजेड प्रत्येक खळगीत वेगळा अडकतो. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण तिच्यामागे कामाचं कारण आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि मुलींनी ती स्वतः उभं राहून पाहावी असं मला वाटतं.

इथे वागायची पद्धत सांगते. आधी दारातून विचारा, "काका, दोन मिनिटं बघू का?" हो म्हणाले तर उजेडाच्या बाजूला उभं राहू नका, त्यांना तोच उजेड हवा असतो. ठोका चालू असताना प्रश्न विचारू नका, कारण ते मोजून मारत असतात. आणि काहीतरी विकत घ्या. छोटा पेला घ्या, तो पुढच्या कामाला लागणारच आहे.

घरी आल्यावर पेल्यावर पातळ कागद घट्ट गुंडाळा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. ठोके कागदावर उमटतात, अगदी खऱ्या मापात. हा कागद वहीत चिकटवा आणि पट्टीने मोजा. माझ्या पेल्यावर एका इंचात साधारण चार ठोके बसतात. नीट बघितलं तर कळेल की एका ओळीतला ठोका आधीच्या ओळीतल्या दोन ठोक्यांच्या मध्ये बसलेला असतो, विटांच्या बांधकामासारखा. आणखी बारकाईने बघा. पेला वर रुंद होत जातो, ओळ लांब होत जाते, म्हणून कुठेतरी दोन ठोक्यांच्या मध्ये एकाऐवजी दोन बसवलेले सापडतील. ही जागा सापडली की वहीत तिथे गोल करा. पाठीवर टाके घालताना ती आठवावी लागेल.

तिसरी फेरी: केळकर संग्रहालयात एकच बंद

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुली लहानपणी शाळेच्या सहलीला येऊन गेलेल्या असतात आणि त्यांना मस्तानी महाल तेवढा आठवतो. दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या असतात. आणि त्या बहुतेक घरातल्या: अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या. कुणीतरी रोज हातात धरायच्या वस्तूवर इतकी मेहनत घेतली होती, हे बघून मला दरवेळी भरून येतं.

पण एका भेटीत सगळं बघायला गेलात तर हाताला काहीच लागत नाही. या फेरीचं काम एवढंच: एखादी गोष्ट बंद कशी होते ते बघायचं. अडकित्त्याची खीळ, करंड्याचं झाकण, दाराची कडी आणि कोयंडा, कुलपाचा आकडा. तीन काढा, बाकी सोडा. आमच्या जॅकेटला मी पुढे एकच बंद ठेवते, कडी-कोयंड्यावरून घेतलेला: एका बाजूला कापडाची वळलेली कडी, दुसऱ्या बाजूला पितळी गुंडी. काज-बटणांची रांग लावली की खणाच्या काठाला जागोजाग भोकं पडतात.

तिथून जवळच, बाजीराव रस्त्यावर, १८०७ सालचा विश्रामबागवाडा आहे. त्याच्या सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या खांबांवरची कोरीव केळफुलं बाहेरून बघून घ्या. ती पुढच्या जॅकेटसाठी ठेवा.

वहीतून काय घ्यायचं

तीन फेऱ्यांनी वही भरते आणि मग सगळंच एका कपड्यात घालावंसं वाटतं. मी घालू देत नाही. एका जॅकेटला दोऱ्याची एक पट्टी, एक पोत आणि एक बंद, बस्स. उरलेलं वाया जात नाही, वहीत राहतं.

वांग्याची पट्टी घेतली तर हिशेब असा लागतो. पुढचे दोन भाग वांगी रंगाच्या खणाचे, त्याचा काठ हिरवा. पाठ त्याच छटेच्या साध्या सुती कापडाची. पाठीवरचे मठाराचे टाके पांढरट हिरव्या दोऱ्याचे. काळपट रंग अस्तराला. खणावर विणीतलीच नक्षी असते, त्यावर आणखी टाके घालू नका. दोन्हींचा अपमान होतो.

खण घेताना

खण येतो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. इरकल लुगड्यावरच्या चोळीसाठी तो विणला जायचा, म्हणून पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान. माझ्या टेपवर बहुतेक खण ३० ते ३२ इंच भरतात, आणि दोन्ही कडांना काठ असतो. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या आल्या, पिशव्या आल्या, कानातली आली. मला त्याचा आनंदच आहे, पण लहान पन्ह्याचा हातमागाचा खण हातात घेतला की त्याचा ताठपणा अंग कसा धरतो ते कळतं. शक्य असेल तर तोच घ्या.

लक्ष्मी रस्त्यावर किंवा रविवार पेठेत दुकानात गेलात की दोऱ्याची पट्टी काढून काउंटरवर ठेवा. "जरा गडद दाखवा" म्हणत बसण्यापेक्षा लवकर काम होतं. मग कापड उलटं करून बघा. खणाच्या बुट्ट्या जादा उभ्या धाग्यांनी उठवलेल्या असतात, त्यामुळे मागे ते धागे सुटे पळताना दिसतात. हेच धागे बांगडीत, अंगठीत अडकतात, म्हणून खणाला अस्तर हवंच. उभ्यात काय आहे, आडव्यात काय आहे ते विचारा, आणि खात्री करायची तर घरी एकेक धागा काढून जाळून बघा. सुताचा वास जळक्या कागदाचा, रेशमाचा जळक्या केसांचा. वितळून टोकाला कडक मणी झाला तर ते पॉलिएस्टर.

छाती ३८ आणि जॅकेटची लांबी २४ इंच धरली तर पाऊण मीटर खण पुरतो, पाठीला पाऊण मीटर साधं सुती, पाठीच्या आत घालायला तेवढंच पातळ मांजरपाट (कोरं सुती कापड), आणि अस्तर दीड मीटर.

आता एक गोष्ट, जी मी कुणालाही सांगायची विसरत नाही. लाल खणाला मलई रंगाचं अस्तर लावून मी एक जॅकेट दिलं होतं. जूनच्या पहिल्या पावसात गिऱ्हाईक बाई त्यात भिजल्या. लाल रंग अस्तरातून त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरला. जॅकेट नवीन शिवून दिलं, कुर्त्याचे पैसे दिले, पण तो कुर्ता त्यांना त्यांच्या मुलीने पहिल्या पगारातून घेतलेला होता. तो काही मला परत देता आला नाही. तेव्हापासून प्रत्येक खणाचा कोपरा ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवून वरून इस्त्री फिरवते. पांढऱ्यावर डाग आला तर अस्तर त्याच रंगाचं किंवा त्याहून गडद, आणि जॅकेट ड्रायक्लीनलाच द्यायचं. तुम्हीही हे करा. पाच मिनिटांचं काम आहे. अस्तर आणि मांजरपाट मात्र कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या, नाहीतर ते नंतर आटतं आणि खण फुगतो.

पाठ

शिवण पाठीपासून सुरू करा, कारण हातशिलाईने कापड थोडं आवळतं. सुती कापड आणि त्याखाली मांजरपाट, दोन्ही पाठीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी एकेक इंच मोठी कापा आणि कच्च्या दोऱ्याने एकमेकांना धरून ठेवा. गळ्याच्या खाली सात इंचांवर, बरोबर मधोमध, खडूने ठिपका द्या. हा मध्य. त्याभोवती अर्ध्या अर्ध्या इंचावर बारा वर्तुळं. पहिली दोन-तीन नाण्याने आणि बाटलीच्या झाकणाने, पुढची वाट्या-ताटल्यांनी, नाहीतर दोऱ्याला खडू बांधून.

आता धावदोरा, गोधडीला घालतो तोच. भरतकामाच्या लडीतल्या सहा पदरांपैकी दोन पदर घ्या. पाव इंच वर, पाव इंच खाली. मठारापेक्षा हे मोठं आहे, पण पाठ चार हातांवरून बघितली जाते, पेला हातात धरून. खरे चार ठोके इंचाला घातलेत तर लांबून नुसता धूसर पट्टा दिसतो. मी करून पाहिलंय. दुसऱ्या वर्तुळातला टाका पहिल्यातल्या दोन टाक्यांच्या मधल्या जागेसमोर यायला हवा. वर्तुळ मोठं होत जाईल तसं हे चुकायला लागेल, आणि तिथेच वहीतला गोल आठवा: दोन टाक्यांच्या मध्ये दोन बसवायचे. अशा जागा एकाखाली एक येऊ देऊ नका, नाहीतर पाठीवर फट पडल्यासारखी रेघ दिसते.

बारा वर्तुळांना पाचशेच्या आसपास टाके लागतात. तीन संध्याकाळी. दोरा ओढून घट्ट करू नका. मी रेडिओ लावते, मोबाइल लांब ठेवते, आणि हात दुखायला लागला की थांबते, कारण थकलेल्या हाताचा टाका दुसऱ्या दिवशी ओळखू येतो.

टाके झाले की उलट्या बाजूने इस्त्री करा आणि मगच पाठीचं खरं माप आखून कापा. छाती ३८ असेल तर अर्ध्या पाठीला साडेनऊ, एक इंच ढिलेपणा, अर्धा इंच शिवणीचा. म्हणजे अकरा, आणि पूर्ण पाठ बावीस. मुंढा (बाहीच्या जागेची गोलाई), शोल्डर, गळा तुमच्या अंगावर नीट बसणाऱ्या एखाद्या बिनबाह्यांच्या कुर्त्यावरून घ्या. फक्त मुंढा त्यापेक्षा अर्धा इंच खोल ठेवा, कारण जॅकेट कपड्यावरून घालायचं असतं.

पुढचे भाग आणि जोडणी

खण पसरा, दुमडू नका. डावा पुढा एका काठाला लावून आणि उजवा समोरच्या काठाला लावून बेता, म्हणजे काठ आपोआप पुढच्या उघड्या कडेवर सरळ खाली येतो, वेगळी पट्टी लावावी लागत नाही. प्रत्येक पुढ्याला सव्वाअकरा इंच रुंदी पुरते. मधे सातेक इंचांची पट्टी उरते, तिच्यातून कडी वळायची. बुट्ट्यांचं तोंड दोन्ही पुढ्यांवर वरच आहे ना, हे कात्री लावायच्या आधी दोनदा बघा. गळा गोल ठेवा. व्ही गळ्याला काठ तिरका कापला जातो आणि एवढा सुंदर काठ बघता बघता निघून जातो.

खण कापला की सुटायला लागतो. शोल्डर आणि बगलेच्या कडांना लगेच इंटरलॉक करून घ्या, गळ्याला आणि मुंढ्याला आतून फ्युजिंगची पातळ पट्टी चिकटवा. इस्त्री मध्यम, आणि वर सुती कापड ठेवून.

अस्तराचेही असेच तीन भाग कापा. मग क्रम असा. आधी वरच्या कापडाचे शोल्डर जोडा, मग अस्तराचे. वरचं कापड आणि अस्तर सुलट्याला सुलटं लावून पुढची कड, गळा, पुन्हा दुसरी पुढची कड अशी सलग टीप मारा. पण त्याआधी कडी उजव्या कडेत दोन्ही कापडांच्या मध्ये ठेवायला विसरू नका. छातीच्या रेषेपासून इंचभर खाली, तोंड आतल्या बाजूला. दोन्ही मुंढे शिवा. बगला अजून उघड्या ठेवा. गोलाईवर टीपेच्या अलीकडेपर्यंत छोट्या चिरा द्या. आता पाठीच्या उघड्या बगलेतून हात घालून एकेक पुढा शोल्डरमधून ओढून काढा, म्हणजे सगळं सुलट होतं. इथे मुली घाबरतात, कारण मधल्या टप्प्यावर ते बोळ्यासारखं दिसतं. ओढत राहा, हळू. मग बगला: वरच्या कापडाची बगल आणि अस्तराची बगल एकाच सलग टीपेत. डाव्या कडेवर कडीच्या समोर पितळी गुंडी लावा, आणि मागे अस्तराच्या आत छोटं बटण घेऊन तिला आधार द्या, नाहीतर तिच्या वजनाने खण ओढला जातो.

खालचा घेर त्या दिवशी दुमडू नका. जॅकेट रात्रभर हँगरवर टांगून ठेवा. पाठ दोन कापडांची, पुढे खण, प्रत्येक आपापल्या वजनाने खाली येतं. सकाळी जमिनीपासून मोजून घेर सारखा करा आणि हाताने शिवा. अस्तर अर्धा इंच आखूड.

माझं पहिलं असं जॅकेट तयार झालं तेव्हा ते घालून मी तांबट आळीत गेले होते. ज्या काकांकडून पेला घेतला होता त्यांना पाठ दाखवली. त्यांनी हातोडी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि एक बोट वर्तुळावरून फिरवत नेलं. सातव्या ओळीपाशी बोट थांबलं. "ताई, इथे एक ठोका राहिलाय."

घरी येऊन मी बगल उसवली, अस्तर मोकळं केलं आणि तो टाका घातला.